लेडी हॉर्नवुडच्या लग्नाची बैठक

गेल्या सत्रात आमच्या एम. ए.च्या वर्गातील एका विद्यार्थिनीने तौलनिक साहित्याच्या प्रकल्पनिबंधासाठी जो विषय निवडला, त्यावरून विभागात थोडी कुजबुज झाली. तिला जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालेतील दुय्यम स्त्रियांवर लिहायचे होते. १९९६ ते २०११ या काळात प्रसिद्ध झालेले पाचही जाडजूड खंड तिने शब्दकोश शेजारी ठेवून वाचले होते. त्यांवर बेतलेली मालिका तर वर्गातील बहुतेकांनी पाहिली होती. 'ड्रॅगन आणि तलवारी यांचा आपल्या अभ्यासक्रमाशी काय संबंध?' हा सहकाऱ्यांचा प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता. तरीही मी विषयाला संमती दिली.

निबंध चांगला होता. त्यातील एका वाक्यापाशी मात्र मी थांबले. लेडी हॉर्नवुड या विधवेच्या सक्तीच्या लग्नाबद्दल लिहून झाल्यावर तिने समारोप केला होता, 'तो काळच तसा होता.' मी समासात लाल शाईने लिहिले, 'कोणता काळ?' लिहिताना तो नेहमीचा शेरा होता. नंतर लक्षात आले की या प्रश्नाचे उत्तर मलाही नीट देता आले नसते. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

ज्यांनी या कादंबऱ्या वाचलेल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडे कथानक सांगायला हवे. १९९८ साली आलेल्या 'अ क्लॅश ऑफ किंग्ज' या दुसऱ्या खंडात उत्तरेकडील स्टार्क घराण्याचा तरुण राजा रॉब दक्षिणेत युद्धावर गेलेला आहे. मागे विंटरफेलच्या गढीत त्याचा लहान, अपंग भाऊ ब्रॅन, म्हातारा किल्लेदार सर रॉड्रिक आणि विद्वान सल्लागार मेस्टर लुविन असे तिघे कारभार पाहत आहेत. सुगीच्या मेजवानीसाठी आजूबाजूचे मांडलिक सरदार जमतात. त्यांत डोनेला हॉर्नवुड नावाची एक मध्यम दर्जाच्या घराण्यातील बाई येते. तिच्यासोबत सरदारी थाटाचा लवाजमा नाही, फक्त सहा थकलेले शिपाई आहेत. या युद्धातच तिचा नवरा एका लढाईत पडला आणि एकुलता एक मुलगा दुसऱ्या. आता हॉर्नवुडची जहागीर तिच्या एकटीच्या हातात आहे.

पुढे काय होते ते वाचकांच्या स्मरणात पक्के बसलेले असते. परतीच्या वाटेवर शेजारच्या बोल्टन घराण्याचा अनौरस मुलगा रॅमसी तिला पळवून नेतो, बळजबरीने तिच्याशी लग्न लावतो, जहागीर आपल्या नावे लिहून घेतो आणि तिला एका मनोऱ्यात कोंडून उपाशी मारतो. मरण्यापूर्वी तिने भुकेने स्वतःची बोटे चावून खाल्लेली असतात. ही बोटे कोणी विसरत नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या निबंधातही ती होती.

ज्या प्रसंगाकडे तिने पाहिले नव्हते, आणि पहिल्या वाचनात मीही पाहिले नव्हते, तो मनोऱ्यातला नाही. तो त्याआधीचा आहे, विंटरफेलच्या उबदार दालनातला.

लेडी हॉर्नवुड विधवा झाल्याचे कळताच मागण्या येऊ लागतात. तिच्या माहेरचा, नात्याने चुलतभाऊ असलेला लठ्ठ सरदार वायमन मँडरली स्वतःचे नाव पुढे करतो, आणि ते नको असेल तर मुलाचे. अंबर घराण्यातील एक वयस्क योद्धा तिला मागतो. तिच्या मृत नवऱ्याच्या बहिणीकडचे लोक आपला मुलगा वारस म्हणून सुचवतात. नवऱ्याचा एक अनौरस मुलगा तिसऱ्याच घराण्यात वाढतो आहे, त्याचेही नाव निघते. सर रॉड्रिक लहानग्या ब्रॅनला समजावून सांगतो की बाई चांगली आहे, फार वयस्कही नाही, तरी ती राज्याच्या शांततेला धोका आहे. कारण थेट वारस नसलेल्या जमिनीवर अनेकांचे डोळे असतात. बोल्टनांचा त्या जमिनीवर हक्क नसला तरी त्यांची हद्द तिला लागून आहे, आणि अशी संधी ते सोडणारे नव्हेत, हेही तो म्हणतो. अशा वेळी तिच्यासाठी योग्य वर शोधणे हे तिच्या धन्याचे काम असते. ब्रॅन निरागसपणे विचारतो, मग तुम्हीच का नाही तिच्याशी लग्न करत? म्हातारा हसत नाही, रागावत नाही. आपण साधे सरदार आहोत, वय झाले आहे, आपण गेलो की ती पुन्हा त्याच चिखलात सापडेल, असे तो सरळ सांगतो.

हे सगळे किती समंजसपणाचे आहे पाहा. या बैठकीत एकही दुष्ट माणूस नाही. तिचा शोक ताजा आहे याचे भान त्यांना आहे. नवऱ्याच्या अनौरस मुलाला वारस केले तर बाईंना ते रुचणार नाही, हेही किल्लेदाराला कळते. रॅमसी माणसे जमवतो आहे, ही बातमी तर तिनेच आणलेली आहे. त्याचा हेतू काय म्हणून तिने विचारले, तेव्हा बाईच्या प्रश्नाला बोल्टन उत्तर देत नसतात असे त्याने कळवले, हेही ती सांगते. सर्वांना सर्व ठाऊक आहे. तिला काय हवे आहे, एवढा एक प्रश्न त्या चर्चेत कोणी विचारत नाही. तो विचारायचा राहिला असे म्हणणेही बरोबर नाही, कारण असा प्रश्न असू शकतो हेच तिथे कोणाच्या मनात येत नाही.

आपल्या मराठीत नवरदेवाला 'स्थळ' म्हणतात. हा शब्द मला नेहमी विचित्र वाटत आला आहे. माणसाला जागेचे नाव द्यायचे, आणि 'स्थळ चांगले आहे' म्हणताना घर, शेती, नोकरी, भावंडे हे सारे त्यात गृहीत धरायचे. लेडी हॉर्नवुडच्या बाबतीत बाईच स्थळ झाली आहे. तिला मागणारा प्रत्येकजण जमिनीशी लग्न करतो आहे, आणि जमिनीसोबत येणारी बाई ही एक सोपस्काराची बाब आहे. रॅमसीने नवे काय केले? ज्या चौकटीत हे चांगले लोक विचार करत होते, तीच त्याने शेवटापर्यंत नेली. बाई ही जमिनीची किल्ली असेल, तर कुलूप उघडल्यावर किल्लीची गरज उरत नाही, एवढाच त्याचा हिशेब. तलवारीच्या धाकाने घेतलेली लग्नाची शपथ ग्राह्य नाही, असे नंतर लुविन म्हणतो. पण जिथे जमिनीचा प्रश्न आहे तिथे हा युक्तिवाद टिकणार नाही, हे त्याच दालनात लगेच बोलूनही दाखवले जाते. दरम्यान मँडरलींनी 'रक्षणासाठी' म्हणून हॉर्नवुडची गढी ताब्यात घेतलेली असते.

आता 'तो काळच तसा होता' या वाक्याकडे वळू. हे वाक्य दोन अर्थांनी चूक आहे असे मला वाटते.

पहिला अर्थ उघड आहे. ज्या जगात ड्रॅगन उडतात आणि हिवाळे वर्षानुवर्षे टिकतात, त्या जगाला 'काळ' नसतो, लेखक असतो. त्यातील प्रत्येक कायदा, प्रत्येक रूढी कोणीतरी निवडलेली आहे. मार्टिन यांच्यावर पंधराव्या शतकातील इंग्लंडच्या गुलाबांच्या युद्धांचा प्रभाव आहे, हे सर्वज्ञात आहे. म्हणून बहुतेक वाचक, आणि मालिकेचे समर्थक तर हमखास, स्त्रियांच्या छळाच्या प्रसंगी इतिहासाकडे बोट दाखवतात. इतिहासातून काय घ्यायचे आणि काय वगळायचे हा लेखकाचाच निर्णय असतो, हे मात्र त्या वेळी सोयीस्करपणे विसरले जाते.

दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे, कारण तो आपल्या अज्ञानावर बोट ठेवतो. खरा मध्ययुगीन काळ तरी 'तसा' होता का?

होताही, आणि नव्हताही. जमीन आणि लग्न यांची गाठ कल्पित नाही. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या कारकिर्दीत, ११८५ साली, बारा परगण्यांतील अशा विधवांची आणि पोरक्या वारसांची एक यादीच तयार करण्यात आली, ज्यांचे लग्न लावून देण्याचा अधिकार राजाकडे होता. त्या यादीत बाईचे वय, मुले, जमिनीचे उत्पन्न आणि गुरेढोरे अशी सारी नोंद आढळते. बालविवाहाचेही तसेच. मार्टिन यांच्या कथेत एर्मेसांड हेफर्ड या तान्ह्या मुलीचे लग्न लॅनिस्टर घराण्यातील मुलाशी लावले जाते. ते वाचताना अतिशयोक्ती वाटते. पण १४७८ च्या जानेवारीत नॉरफकच्या जहागिरीची वारस अ‍ॅन मोब्रे हिचे लग्न राजा चौथा एडवर्ड याच्या धाकट्या मुलाशी झाले, तेव्हा वधू पाच वर्षांची होती आणि वर चार. ती १४८१ मध्ये, वयाची नऊ वर्षे पुरी होण्याआधीच वारली. तिची जमीन मात्र पुढे कायदा करून तिच्या चिमुकल्या नवऱ्याकडेच ठेवण्यात आली. कादंबरीला यात भर घालायला फारसे काही उरत नाही.

पण त्याच नोंदवह्यांत दुसरेही काही सापडते. ११३० सालच्या राजाच्या हिशेबवहीत चेस्टरची काउंटेस ल्यूसी हिच्या नावे ५०० मार्कांचे देणे लिहिलेले आहे. कशासाठी? पाच वर्षे आपल्यावर लग्नाची सक्ती होऊ नये यासाठी. तीनदा विधवा झालेली ही बाई पैसे मोजून वेळ विकत घेत होती. ती मोठ्या घरची होती, तिला ते परवडत होते. तरीही 'नको' म्हणण्याला एक रीत होती, एक दर होता, आणि राजाचा कारकून तो दर वहीत लिहीत होता. पुढे १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्ये, नवऱ्यावाचून राहू इच्छिणाऱ्या विधवेवर लग्नाची सक्ती करता येणार नाही, असे कलमच आले. ते कलम नेहमी पाळले गेले असे नाही. पण जे कलम मोडता येते ते आधी अस्तित्वात असावे लागते. लेडी हॉर्नवुडच्या मागे असे काहीही उभे नाही. मार्टिन यांनी २०१८ मध्ये 'फायर अँड ब्लड' या ग्रंथात आपल्या जगाचा जुना इतिहास लिहिला. त्यात राणी अ‍ॅलिसेन हिच्या पुढाकाराने झालेला एक 'विधवांचा कायदा' आहे. विधवेला वारसांनी घराबाहेर काढू नये, तिचे हक्काचे काढून घेऊ नये, असा त्याचा आशय. चांगला कायदा आहे. पण विधवा घरात असताना तिच्या लग्नाची बैठक दिवाणखान्यात बसली, तर त्याचा तिला काय उपयोग?

याहून मोठी गोष्ट म्हणजे संमती. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पोप तिसरा अलेक्झांडर याच्या काळात, ख्रिस्ती धर्मशास्त्रात एक तत्त्व स्थिरावले. वयात आलेल्या दोघांनी एकमेकांना वर्तमानकाळात 'मी तुला पत्नी म्हणून स्वीकारतो', 'मी तुला पती म्हणून स्वीकारते' असे म्हटले की लग्न झाले. पुरोहित नको, साक्षीदार नकोत, आईबापांची परवानगी नको. हे सारे असावे असा आग्रह चर्चने जरूर धरला, पण नसले तरी लग्न मोडत नसे. मुलीचे वय त्यासाठी बारा मानले जाई, तेव्हा हे तत्त्व आजच्या अर्थाने उदार होते असे कोणी समजू नये. पण त्याचा परिणाम विलक्षण झाला. ज्या समाजात बापाचा, धन्याचा, राजाचा शब्द अंतिम होता, त्यात मुलीच्या तोंडचे एक वाक्य या सगळ्यांहून वरचढ ठरू शकत होते.

हे कागदावरच होते असे वाटणाऱ्यांनी पास्टन घराण्याची पत्रे वाचावीत. नॉरफक परगण्यातील हे घराणे पंधराव्या शतकात वर आलेले. मूळपुरुष क्लेमेंट हा साधा शेतकरी होता, त्याचा मुलगा न्यायाधीश झाला, नातू जमीनदार. त्यांचा शेकडो पत्रांचा संग्रह सुदैवाने टिकला आहे. या घरातील मार्जरी पास्टन हिने १४६९ च्या सुमारास घरच्या कारभाऱ्याशी, रिचर्ड कॅल याच्याशी, गुपचूप लग्नाची शपथ घेतली. घरात वादळ झाले. आपल्या बहिणीला फ्रॅमलिंगहॅममध्ये मेणबत्त्या आणि मोहरी विकायला बसवू देणार नाही, असे तिच्या भावाने लिहिले. ज्याचे पणजोबा शेती करत होते त्याला कारभाऱ्याची एवढी लाज वाटावी, हे आपल्याकडील वाचकाला समजावून सांगायला नको. प्रकरण नॉर्विचच्या बिशपपुढे गेले. त्याने मुलीला घराण्याची प्रतिष्ठा, आप्तांचा रोष असे सगळे सांगून पाहिले आणि मग नेमके कोणते शब्द उच्चारले ते विचारले. मार्जरीने ते सांगितले, आणि वर म्हणाली की एवढ्याने लग्न पक्के होत नसेल तर इथून जाण्याआधी मी ते आणखी पक्के करते. बिशपला लग्न मान्य करावे लागले. आईने तिला घराचे दार बंद केले. तरी कॅल पुढेही त्या घराचा कारभार पाहत राहिला, आणि त्याच आईने १४८२ च्या मृत्युपत्रात मार्जरीच्या थोरल्या मुलाला २० पौंड ठेवले.

मला मात्र मार्जरीपेक्षा तिची आत्या एलिझाबेथ अधिक जवळची वाटते. मार्जरीची गोष्ट प्रेमकथा आहे, आणि प्रेमकथेला वाचक मिळतातच. एलिझाबेथची गोष्ट ठरवून करायच्या लग्नाची आहे. १४४९ च्या सुमारास तिच्यासाठी स्टीफन स्क्रोप या, पन्नाशीकडे झुकलेल्या आणि आजाराने विद्रूप झालेल्या विधुराचे स्थळ आले. ती राजी होईना, म्हणून आईने तिला महिनोन्महिने कोंडून ठेवले. आठवड्यातून एकदोनदा, कधी एका दिवसात दोनदा तिला मार बसे, आणि डोके दोनतीन ठिकाणी फुटले होते. हे आपल्याला माहीत आहे ते एलिझाबेथ क्लेअर या नात्यातील एका विधवेमुळे. तिने मुलीच्या भावाला गुपचूप पत्र लिहिले आणि ते जाळून टाकायला सांगितले. त्याने ते जाळले नाही.

या पत्रातील एक तपशील मला कोणत्याही कादंबरीत सापडला नाही. मार खाणारी ही मुलगी त्या स्थळाला सरसकट नकार देत नाही. त्याची जमीन तो म्हणतो तशी निर्वेध आहे का, पहिल्या लग्नाच्या मुलीच्या नावे काय लिहून दिले आहे, आपल्याला मुले झाली तर त्यांना वारसा मिळेल का, हे तिला कागदपत्रांवरून कळायला हवे आहे. तसे असेल तर तो दिसायला कसाही असो, ती तयार आहे. डोके फुटलेली मुलगी दस्तऐवज तपासून मागते आहे! आणि पत्र लिहिणारी विधवा तरी काय सुचवते? मुलीला मोकळे सोडा, असे नव्हे. लवकर दुसरे बरे स्थळ पाहा, एवढेच. दोघीही त्याच व्यवस्थेत उभ्या राहून, तिच्याच भाषेत, स्वतःसाठी थोडी जागा करू पाहत आहेत. स्क्रोपशी लग्न झाले नाही. १४५८ मध्ये रॉबर्ट पॉयनिंग्ज याच्याशी झाले. १४६१ मध्ये सेंट अल्बन्सच्या दुसऱ्या लढाईत तो पडला, आणि मग लेडी हॉर्नवुडसारखीच एक विधवा आपली जमीन बलाढ्य शेजाऱ्यांपासून राखण्यासाठी झगडत राहिली.

अद्भुतरम्य कादंबरीत लहान घराण्यातील मुलीला बहुधा दोनच वाटा असतात. ती तलवार घेऊन पळून जाते किंवा तिच्यावर अत्याचार होतो. पहिली नायिका होते, दुसरी पुरावा. एलिझाबेथ पास्टन या दोहोंत बसत नाही. ती घासाघीस करते, आणि ज्याच्याशी घासाघीस करावी लागते त्याला ती व्यक्ती आहे हे निदान तेवढ्यापुरते मान्य करावेच लागते.

मार्टिन यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे. ते अत्याचाराचे समर्थन करत नाहीत. विंटरफेलच्या त्या बैठकीत त्यांनी जे पाहिले ते त्यांच्या अनेक वाचकांनी पाहिलेले नाही. २०११ च्या 'अ डान्स विथ ड्रॅगन्स'मध्ये तर त्यांनी एक फार भेदक तपशील योजला आहे. रॅमसीचे पुन्हा लग्न होते, स्टार्कांची मुलगी आर्या हिच्याशी. प्रत्यक्षात ती आर्या नसतेच. विंटरफेलच्या कारभाऱ्याची मुलगी जेन पूल हिला आर्या म्हणून उभे केलेले असते. त्या विधीत नवरदेवाचे नाव पुकारताना 'हॉर्नवुडचा सरदार' ही त्याची पदवीही उच्चारली जाते. जमलेल्या सरदारांना ती कशी मिळाली ते ठाऊक आहे. कोणी हरकत घेत नाही. मेलेल्या बाईची जहागीर पुढच्या नवरीच्या लग्नात बिरुद म्हणून मिरवते.

माझी तक्रार वेगळी आहे. या मालेत प्रत्येक प्रकरण कोणा एका पात्राच्या नजरेतून सांगितलेले असते. कॅटलिन, सान्सा, आर्या, सेर्सी, डेनेरिस अशा थोरामोठ्या घरच्या स्त्रियांना ही नजर मिळाली. लेडी हॉर्नवुड आपल्याला लहान मुलाच्या नजरेतून दिसते आणि मग बातमीतून. जेन पूलचे हाल थिऑन या पुरुषाच्या डोळ्यांनी दिसतात, आणि त्यातून उद्धार व्हायचा तो त्याचा. दूरचित्रवाणी मालिकेने यावर कडी केली. तिने लेडी हॉर्नवुडला वगळले, आणि २०१५ च्या पाचव्या पर्वात जेनच्या वाट्याचे लग्न सान्सा स्टार्कच्या वाट्याला दिले. त्यावर बरीच टीका झाली आणि ती योग्यच होती. पण टीकेचा रोख बव्हंशी 'सान्सावर असा प्रसंग का आणला' हा होता. ज्या मुलीचा हा मूळ प्रसंग, ती कारभाऱ्याची मुलगी पडद्यावरून कुठे गेली, याची हळहळ फार थोड्यांना वाटली. दुःख दाखवायचे तर ते ओळखीच्या चेहऱ्याचे हवे, असा हा नियम. लहान घरच्या बाईला तिचे दुःखसुद्धा स्वतःच्या नावावर मिळत नाही.

पंधराव्या शतकातील एका विधवेने मात्र, कोणाच्या नायिकापदाची पर्वा न करता, कोंडलेल्या मुलीला काय हवे आहे ते तपशीलवार लिहून ठेवले. आपण ज्याला अंधारयुग म्हणतो त्या काळाने हा प्रश्न विचारला होता. आपल्या काळात लिहिलेल्या कल्पित मध्ययुगाला तो सुचत नाही. तेव्हा 'तो काळ तसा होता' असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके कोणत्या काळाबद्दल बोलत असतो?

इथे मला स्वतःबद्दल थोडे सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी नात्यातील एका मुलीच्या लग्नाच्या बैठकीला मी होते. मुलीने नुकतीच पदवी घेतली होती. बैठक अगदी सुसंस्कृत होती. हुंड्याचे नाव नाही, आवाज चढवणे नाही, दोन्हीकडची माणसे सज्जन. मुलगी चहाचा ट्रे ठेवून आत गेली. देणेघेणे, कार्यालय, तिची पुढची नोकरी कोणत्या गावी सोयीची पडेल, हे सारे तिच्या हिताच्या काळजीने बोलले गेले. मधेच तिचे वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तू शिकलेली, चार मुली रोज बघतेस. तुझं काय मत?" मी म्हणाले, "स्थळ चांगलं आहे." ते चांगले होतेही. तिचा संसार आज व्यवस्थित चालला आहे, तेव्हा यात काही शोकांतिका नाही. पण आतल्या खोलीत जाऊन तिला विचारायला मला दहा पावले चालावी लागली असती, आणि ती मी चालले नाही. मला कोणी अडवले नव्हते. ते माझ्या मनातच आले नाही.

म्हणून सर रॉड्रिकबद्दल वाचताना मला अस्वस्थ वाटते. रॅमसीबद्दल वाचताना तसे वाटत नाही. रॅमसी मी नाही, हे मला पक्के ठाऊक आहे, आणि अशी पात्रे वाचकाला एक प्रकारची निश्चिंतीच देत असतात. किल्लेदाराच्या बाबतीत ती सोय नाही. त्याच्या बैठकीत मी बसलेली आहे.

विद्यार्थिनी निबंध परत न्यायला आली तेव्हा तिने समासातील प्रश्न वाचला आणि विचारले, "मॅडम, मग हे वाक्य काढून टाकू का?" मी म्हटले, काढू नकोस, त्याच्याखाली एलिझाबेथ पास्टनबद्दल लिही आणि मग ते वाक्य टिकते का पाहा. तिने पत्रांची प्रत मागितली. जाता जाता, घरी आपल्यासाठीही स्थळे पाहायला सुरुवात झाली आहे, हे तिने सहज सांगितले. या वेळी मी तिला विचारले, तुला काय हवे आहे? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मला अजून कुणी असं विचारलं नव्हतं. विचार करून सांगते."